निवड न झालेल्या बचावपटूचा मागाहून भाव काढताना: मार्क जिओर्डानोचं उदाहरण

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगचे जुने ड्राफ्ट, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडी, उकरून काढणं हा आइस हॉकीच्या चाहत्यांचा उन्हाळी उद्योग आहे. मोसम संपलेला असतो, पुढचा ऑक्टोबरशिवाय सुरू होत नाही. मग 'आज जे कळतं ते तेव्हा कळलं असतं तर कोण कितवा गेला असता' याच्या याद्या निघू लागतात. त्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेल्या बचावपटूंचा. बहुतेक जण कारकिर्दीतले एकूण सामने आणि गुण काढतात, उतरत्या क्रमानं लावतात आणि गडी थेट पहिल्या पाचात बसवून मोकळे होतात. माझ्या मते हे उत्तर अर्धंच आहे. खेळाडू किती मोठा झाला हा एक प्रश्न, आणि त्याला निवडणाऱ्या संघाच्या पदरात त्यातलं किती पडलं असतं हा दुसरा. ड्राफ्टमधला भाव या दुसऱ्या प्रश्नावर ठरतो.

हा हिशोब कसा मांडायचा ते एकाच खेळाडूवर दाखवतो. मार्क जिओर्डानो, जन्म ३ ऑक्टोबर १९८३, गाव टोरांटो. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. पुढे कॅल्गरी फ्लेम्सचा कर्णधार झाला, २०१९ मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळाली आणि एनएचएलमध्ये १,१४८ सामने खेळला.

ज्यांना ड्राफ्ट ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: आयपीएलच्या लिलावासारखी इथे बोली लागत नाही. संघ आपापल्या पाळीनं १८-१९ वर्षांच्या पोरांची नावं पुकारतात आणि ज्यानं नाव पुकारलं त्याला त्या पोराशी करार करण्याचा एकट्याचा हक्क मिळतो. आदल्या मोसमात ज्यांची धूळधाण झाली त्यांची पाळी साधारणपणे आधी येते. इथला 'भाव' म्हणजे पैसे नव्हेत, तर कितव्या क्रमांकाची पाळी त्याच्यावर खर्च करावी, एवढंच.

पायरी १: आधी वर्ष पक्कं करा

सोपी वाटणारी ही पायरीच लोक सर्वांत जास्त चुकवतात. निवडलेल्या खेळाडूचं ड्राफ्ट वर्ष नोंदीत असतं. न निवडलेल्याचं आपल्याला काढावं लागतं. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण झाली की त्या वर्षीच्या ड्राफ्टची दारं उघडतात. जिओर्डानो ऑक्टोबरचा, म्हणून २००१ हुकलं आणि त्याचं पहिलं वर्ष २००२ आलं. उत्तर अमेरिकेतल्या पोराला २० व्या वर्षापर्यंत संधी असते, त्यामुळे २००३ च्या यादीतही तो होता. त्यानंतर तो मोकळा खेळाडू, कुणीही यावं आणि करार करावा.

म्हणजे त्याला एकदा नाही, दोनदा डावललं गेलं. दोन्ही ड्राफ्ट नऊ फेऱ्यांचे होते आणि दोन्हींत मिळून ५८० हून जास्त नावं पुकारली गेली. आजचा ड्राफ्ट सात फेऱ्यांचा आणि २२४ नावांचा असतो. आज २२५ वा ठरणारा पोरगा 'न निवडलेला' म्हणवतो, तो २००२ मध्ये आरामात कुणाच्या तरी यादीत लागला असता. वेगवेगळ्या काळांतल्या न निवडलेल्यांची तुलना करताना हे डोक्यात असू द्या. जिओर्डानोच्या वेळी जाळं फार बारीक होतं, तरी तो निसटला.

वर्ष पक्कं झाल्यावर त्याच्या अगदी जवळच्या वयाचा, वरच्या क्रमांकावर गेलेला एक बचावपटू शोधून ठेवा, पुढे मोजपट्टी म्हणून लागतो. इथे नशिबानं फारच चांगला सापडतो. जे बोमिस्टर, जन्म २७ सप्टेंबर १९८३, जिओर्डानोहून फक्त सहा दिवसांनी मोठा. २००२ मध्ये फ्लोरिडा पँथर्सनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पुढे २००९ ते २०१३ हे दोघं कॅल्गरीत एकाच संघात होते.

पायरी २: त्या दिवशी टेबलावर काय होतं ते लिहा

कागदाचे दोन भाग करा: ड्राफ्टच्या दिवसापर्यंतचं एका बाजूला, नंतरचं दुसऱ्या. पहिला भाग भरताना दुसरा झाकून ठेवा.

जून २००२ चा भाग जवळजवळ कोरा निघतो. तोवर जिओर्डानो ओएचएलमध्ये, म्हणजे ओंटारियोच्या प्रमुख ज्युनिअर लीगमध्ये, एकही सामना खेळलेला नव्हता. त्याच्या खालच्या पातळीवर खेळणाऱ्या १८ वर्षांच्या बचावपटूवर नवव्या फेरीतलीही पाळी कुणी खर्च केली नाही म्हणून स्काउटांना, म्हणजे संघांसाठी पोरं हेरणाऱ्यांना, शिव्या घालण्यात अर्थ नाही. ज्या बोमिस्टरला तिसरा घेतला, तो वर्षानुवर्षं सगळ्यांच्या नजरेत होता आणि त्याच शरद ऋतूत थेट एनएचएलमध्ये उतरला.

जून २००३ ची गोष्ट निराळी. तोवर ओवेन साउंड अटॅककडून ओएचएलचा एक पूर्ण मोसम खेळून झाला होता. पहिल्याच मोसमात बचावपटू असून पन्नासच्या आसपास गुण. हॉकीत गोलालाही एक गुण आणि गोलाच्या पासलाही एक, दोन्हींची बेरीज म्हणजे खेळाडूचे गुण. पहिल्या मोसमात एवढे गुण करणारा बचावपटू शेवटच्या तीन फेऱ्यांत सहज बसायला हवा होता. त्याच्या विरोधात दोन गोष्टी होत्या. तो १९ पूर्ण करून २० कडे निघालेला होता, म्हणजे ज्युनिअरमध्ये वयानं मोठा. त्याहून मोठी अडचण म्हणजे २००३ चा ड्राफ्ट एनएचएलच्या इतिहासातल्या सर्वांत भरगच्च ड्राफ्टांपैकी एक ठरला. गर्दीच एवढी होती की शेवटच्या फेऱ्यांतसुद्धा डस्टिन बफलिन २४५ वा आणि गोलरक्षक ब्रायन एलियट २९१ वा गेला.

माझा निर्णय असा: २००२ मध्ये झाली ती चूक नव्हती. २००३ मध्ये चूक झाली, पण बेताची. त्या दिवशीच्या माहितीवर मी त्याला पाचव्या-सहाव्या फेरीत धरेन, त्याहून वर नाही. यादी करणारे बहुतेक जण फक्त २००२ चा विचार करतात आणि २००३ विसरतात, हे मला आजवर समजलेलं नाही.

पायरी ३: कारकिर्दीचा हिशोब, पण बचावपटूच्या पद्धतीनं

आता झाकलेला भाग उघडा.

एकूण आकडे सोपे आहेत: १,१४८ सामने, १५८ गोल, ४१९ असिस्ट (गोलाचे पास), ५७७ गुण. (जाता जाता: स्वीडनचा बोरिए साल्मिंग, हाही ड्राफ्टविना आलेला आणि हॉल ऑफ फेममध्ये गेलेला बचावपटू, त्याचेही सामने बरोब्बर १,१४८.) पण बचावपटूचं काम गुणांत पूर्ण दिसत नाही, म्हणून आणखी तीन-चार गोष्टी बघाव्या लागतात.

सर्वांत आधी बर्फावरचा वेळ. प्रशिक्षक कुणाला किती वेळ पाठवतो, हे त्याचं रोजचं मतदान असतं. बचावपटू जोडीजोडीनं उतरतात. पहिल्या जोडीतला २३-२५ मिनिटं खेळतो, तिसऱ्या जोडीतला १५-१६. नॉरिसच्या मोसमात, २०१८-१९ मध्ये, ३५ वर्षांचा जिओर्डानो सामन्यागणिक सुमारे २४ मिनिटं खेळत होता. ७८ सामन्यांत त्यानं १७ गोल आणि ५७ असिस्ट, म्हणजे ७४ गुण केले. तो बर्फावर असताना, जादा खेळाडूंच्या जोरावर झालेले गोल वगळता, संघानं खाल्लेल्या गोलांपेक्षा केलेले गोल ३९ नं जास्त होते.

या शेवटच्या आकड्यावर, प्लस-मायनसवर, डोळे मिटून विसंबू नका. त्या मोसमात कॅल्गरीनं गुणतालिकेत १०७ गुणांसह पश्चिम विभागात पहिला क्रमांक काढला होता. चांगल्या संघात सगळ्यांचाच प्लस फुगतो. यावर उतारा म्हणजे सापेक्ष आकडे: तो बर्फावर असताना दोन्ही बाजूंनी झालेल्या फटक्यांत आपल्या संघाचा वाटा किती, आणि तो बाकावर बसल्यावर किती. हा हिशोब करायला लागणारी नोंद २००७-०८ पासून सहज मिळते. त्याआधीच्या खेळाडूंना हे माप लावता येत नाही, तिथे बर्फावरचा वेळ आणि पुरस्कारांची मतं यांवरच भागवावं लागतं. अडवलेल्या फटक्यांची नोंदही २००५-०६ पासूनचीच. त्या यादीत जिओर्डानो २०२३ मध्ये क्रिस रसेलला मागे टाकून पहिला झाला. मात्र 'सर्वकालीन विक्रम' म्हणताना हा काळ अलीकडचाच आहे हे सांगावं. शिवाय फटके जास्त अडवणारा म्हणजे पक (खेळाची चकती) फार वेळ आपल्याच गोलासमोर असलेला, असाही अर्थ निघू शकतो, म्हणून मी या आकड्याला फार वजन देत नाही.

जोडीदारही बघा. जिओर्डानोच्या शेजारी बराच काळ टी. जे. ब्रोडी होता, २००८ च्या ड्राफ्टमधला ११४ वा. एकमेकांच्या सोबतीत आणि सोबतीविना दोघांचे आकडे ताडून पाहिले की कोण कुणाला ओढत होता याचा अंदाज येतो. एक-दोन मोसमांवरून मात्र निकाल देऊ नका.

मग शिखर किती उंच होतं आणि किती टिकलं ते बघा. इथे मोसमांचे आकडे ओळीनं मांडावेच लागतात. २०१३-१४ मध्ये ६४ सामन्यांत ४७ गुण. पुढच्या मोसमात ६१ सामन्यांत ४८, तेव्हा नॉरिसच्या शर्यतीत त्याचं नाव अग्रभागी होतं, पण दंडाचा स्नायू फाटला आणि मोसम तिथेच संपला. २०१५-१६ मध्ये ८२ सामन्यांत ५६ गुण. मग दोन मोसम ३९ आणि ३८, आणि त्यावर अचानक ७४. हा शेवटचा आकडा बाजूला ठेवून सरासरी काढून बघा. माझ्या नजरेत शिखर २०१३ ते २०१६ चं आहे आणि ७४ गुणांचा मोसम हा त्याच्यावरचा कळस. नॉरिस एकदाच मिळाली म्हणजे एकच वर्ष चांगलं गेलं, असं म्हणणाऱ्यांनी २०१३-१५ चे सामने बघितलेले नसतात.

पायरी ४: वर्गात उभा करून बघा

खेळाडू एकटा मोठा किंवा छोटा नसतो, ड्राफ्टमध्ये तर नाहीच. त्याच्या बरोबरीला कोण होतं त्यावर क्रमांक ठरतो.

२००२ चा वर्ग, म्हणजे त्या ड्राफ्टमधले सगळे खेळाडू, वरून दिमाखदार आणि आतून पोकळ होता. पहिला रिक नॅश (१,०६० सामने, ८०५ गुण), दुसरा गोलरक्षक कारी लेहटोनेन, तिसरा बोमिस्टर (१,२४० सामने, ४२४ गुण), चौथा योनी पिटकॅनेन (५३५ सामने), पाचवा रायन व्हिटनी (४८१ सामने). नववा पेत्र तातिचेक तीन सामने खेळला. पंधरावा येसे नीनिमॅकी आणि सव्विसावा मार्टिन वाग्नर यांना एनएचएलचा एकही सामना लाभला नाही. वर्गातलं खरं रत्न दुसऱ्या फेरीत, ५४ व्या क्रमांकावर शिकागोला सापडलं: डंकन कीथ. १,२५६ सामने, ६४६ गुण, दोन नॉरिस, तीन स्टॅनले कप (एनएचएलचं विजेतेपद). आणि अगदी शेवटी, २९१ व्या क्रमांकावर डेट्रॉइटनं घेतलेला योनाथन एरिक्सन बचावपटू म्हणून बरीच वर्षं एनएचएल खेळला. जिओर्डानोला न घेणाऱ्यांना 'शेवटच्या पाळीत काय मिळणार होतं' ही सबबही उरत नाही.

कारकिर्दीच्या मापानं या वर्गात कीथ पहिला. दुसऱ्या जागेसाठी नॅश आणि जिओर्डानो. मी नॅशला झुकतं माप देतो, कारण दर मोसमाला ३०-४० गोल करणारा आघाडीचा खेळाडू मिळणं कठीण असतं, पण कुणी जिओर्डानोला दुसरं ठेवलं तर वाद घालणार नाही. बोमिस्टर चौथा किंवा पाचवा.

तोच खेळाडू २००३ मध्ये उभा करा, चित्रच पालटतं. तिथे नुसते बचावपटू मोजले तरी रायन सूटर आणि ब्रेंट बर्न्स (दोघेही १,४०० सामन्यांच्या पुढे), शे वेबर (१,०३८ सामने, ५८९ गुण), ब्रेंट सीब्रुक, डियॉन फनेफ, बफलिन. आघाडीत पॅट्रिस बर्जरॉन, रायन गेट्झलाफ, कोरी पेरी, एरिक स्टाल, जो पॅव्हेल्स्की. गोलात मार्क-आंद्रे फ्लरी. इथे जिओर्डानो माझ्या हिशोबानं आठव्या ते बाराव्या जागेत कुठेतरी बसतो. खेळाडू तोच, आकडे तेच, एका वर्षाच्या फरकानं तिसरा क्रमांक दहावा होतो. म्हणून यादीत 'कोणत्या ड्राफ्टमध्ये' हे न लिहिता नुसता क्रमांक लिहिणाऱ्याचं ऐकू नका.

पायरी ५: संघाच्या पदरात काय पडलं असतं?

या पायरीला वेळ द्या. बाकी सगळं इंटरनेटवर तयार मिळतं, हे मिळत नाही.

ड्राफ्टमध्ये मिळतो तो हक्क, खेळाडू नव्हे. आणि हक्काला मुदत असते. त्या काळी कॅनडाच्या प्रमुख ज्युनिअर लीगमधून घेतलेल्या पोराशी दोन वर्षांत, दुसऱ्या वर्षीच्या १ जूनपर्यंत, करार झाला नाही तर हक्क जायचा आणि वय बसत असेल तर पोरगा पुन्हा ड्राफ्टमध्ये यायचा. २००२ च्याच यादीत याची दोन गमतीदार उदाहरणं आहेत. जारेट स्टोलला २००० मध्ये कॅल्गरीनं ४६ वा घेतलं, करार झाला नाही, २००२ मध्ये तो शेजारच्या एडमंटननं ३६ वा नेला. मॅथ्यू लोम्बार्डीला २००० मध्ये एडमंटननं २१५ वा घेतलं होतं, त्यालाही करार मिळाला नाही, आणि २००२ मध्ये कॅल्गरीनं त्याला ९० वा उचलला. दोन वैरी संघांनी नकळत केलेली अदलाबदलच ही.

आता कल्पना करा, एखाद्या संघानं २००२ मध्ये नवव्या फेरीत जिओर्डानोला घेतलं. १ जून २००४ पर्यंत निर्णय घ्यायचा. तोवर त्याचे ओएचएलमधले दोन मोसम झाले असते, दोन्ही पन्नासच्या आसपास गुणांचे. पण बघा, त्याच उन्हाळ्यात तो मोकळा होता आणि तेव्हा त्याच्याशी करार केला तो एकट्या कॅल्गरीनं. दारात उभा असलेला मुलगा बाकीच्यांना नको होता, तर हक्क हातात असूनही कित्येकांनी तो सोडलाच असता, असं मानायला जागा आहे.

समजा, करार झाला. मग पुढचा अडथळा वेळेचा. एनएचएल संघाचा तरुण खेळाडूवरचा ताबा कायमचा नसतो. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २००५ च्या करारानंतर हळूहळू लागू झालेल्या नियमानुसार खेळाडू २७ वर्षांचा झाला किंवा त्याचे लीगमधले सात मोसम भरले की तो पूर्ण मोकळा होतो. स्वस्तात मिळणारी वर्षं तेवढीच, त्यापुढची बाजारभावानं विकत घ्यावी लागतात. जिओर्डानो ऑक्टोबर २०१० मध्ये २७ चा झाला, म्हणून त्याची ताब्यातली वर्षं २०११ च्या उन्हाळ्यापर्यंत मोजायची.

ती वर्षं अशी गेली. २००४-०५ चा एनएचएल मोसम मालक-खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत बुडाला, जिओर्डानो एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये, लोवेलला खेळला. पुढच्या मोसमात ओमाहाला, तिथे चमकला, आणि जानेवारी २००६ मध्ये कॅल्गरीकडून पदार्पण, सात सामने. २००६-०७ मध्ये ४८ सामने, १५ गुण. त्यानंतर एनएचएल आणि एएचएल यांत वरखाली करत ठेवणारा करार त्यानं नाकारला आणि २००७-०८ चा मोसम डायनॅमो मॉस्कोकडून खेळला. २००८ मध्ये परत आला, तीन वर्षांच्या करारावर. मग ५८ सामने, नंतर पूर्ण ८२ चे दोन मोसम. बेरीज: २७७ सामने, १०८ गुण.

कारकिर्दीतल्या ५७७ गुणांपैकी १०८, म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा नाही. नॉरिस नाही, शिखराची वर्षं नाहीत, कर्णधारपदही नाही, ते २०१३ मध्ये आलं.

कीथशी हीच तुलना करा. २०११ च्या उन्हाळ्यापर्यंत कीथ ४८६ सामने खेळला होता, २४२ गुण, एक नॉरिस, एक स्टॅनले कप. जिओर्डानोच्या दुपटीहून जास्त गुण. आणि २०११ नंतर? कीथ ७७० सामने, ४०४ गुण. जिओर्डानो ८७१ सामने, ४६९ गुण. तिथून पुढे जिओर्डानो चक्क पुढे आहे! कारकिर्दीच्या बेरजेत हे दोघं जवळ दिसतात, पण एकाची मलई निवडणाऱ्या संघानं खाल्ली आणि दुसऱ्याची उशिरा आली.

बोमिस्टरचं कोष्टकही मांडून ठेवा, डोळे उघडतात. फ्लोरिडाकडे तो ४७१ सामने खेळला, पण त्या सगळ्या काळात फ्लोरिडा एकदाही प्लेऑफमध्ये गेलं नाही. २००९ मध्ये तो मोकळा होण्याच्या तोंडावर त्याचे हक्क कॅल्गरीला दिले आणि बदल्यात जॉर्डन लिओपोल्ड व तिसऱ्या फेरीतली एक पाळी मिळाली. तिसरा क्रमांक खर्चून अखेर हाती राहिलं ते एवढंच. स्टॅनले कप त्यानं जिंकला तो २०१९ मध्ये सेंट लुईसकडून.

२७७ सामने आणि १०८ गुण, हे सहा-सात वर्षांत ज्या बचावपटूकडून मिळतात तो वर्गात कुठे बसतो? २००२ मध्ये ४३ वा गेलेला ट्रेव्हर डेली तेवढ्याच काळात डॅलसकडून कितीतरी जास्त सामने खेळला होता. नुसता हाच हिशोब धरला तर जिओर्डानो दुसऱ्या फेरीच्या मध्यावर येतो. पण त्याला थोडं वर सरकवायला हवं, कारण ताबा असलेल्या संघाला आधी बोलण्याची सोय असते. ऑक्टोबर २०१० मध्ये कॅल्गरीनं त्याला पाच वर्षांसाठी २ कोटी १ लाख डॉलरचा वाढीव करार दिला. वर्षाला सुमारे ४० लाख डॉलरमध्ये २०१३ ते २०१५ मधला जिओर्डानो मिळणं म्हणजे घबाड होतं. त्या घबाडाचं थोडं श्रेय मूळ हक्काला जातं. म्हणून मी त्याला विसाव्या ते पस्तिसाव्या क्रमांकाच्या पट्ट्यात ठेवतो.

पायरी ६: बाजारानं कधी काय दिलं ते तपासा

आपला अंदाज हवेत नाही ना, हे बघायला प्रत्यक्ष व्यवहारांची यादी करा. जुलै २००४: मोकळा करार, एकही पाळी खर्च नाही. २०१०: वरचा करार. २०१५: सहा वर्षं, ४ कोटी ५ लाख डॉलर. जुलै २०२१: सिअ‍ॅटल क्रॅकन हा नवा संघ आला तेव्हा कॅल्गरीनं आपल्या कर्णधारालाच राखीव यादीबाहेर, म्हणजे नव्या संघाला उचलता येईल अशांत, ठेवलं आणि सिअ‍ॅटलनं त्याला उचलून आपला पहिला कर्णधार केलं. मार्च २०२२: टोरांटोनं ३८ वर्षांचा जिओर्डानो आणि कॉलिन ब्लॅकवेल यांच्यासाठी दुसऱ्या फेरीतल्या दोन आणि तिसऱ्या फेरीतली एक अशा तीन पाळ्या मोजल्या. ज्याच्यावर २००३ मध्ये नवव्या फेरीतलं नाव खर्च करायला कुणी तयार नव्हतं, त्याचा उतारवयातला उरलेला मोसमसुद्धा एवढ्याला गेला.

या यादीत २००४ चा शून्य सर्वांत महत्त्वाचा. त्याला कुणीच घेणार नव्हतं, हे आपल्याला आज माहीत आहे. म्हणजे मागे जाऊन खेळी करायचीच असेल तर पंधराव्या क्रमांकाची पाळी त्याच्यावर उधळणारा जनरल मॅनेजर शहाणा नव्हे. २९० व्या पाळीत किंवा ड्राफ्टनंतर फोनवर काम भागत होतं. खेळाडूची किंमत आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत यांतला फरक खिशात घालणं हेच मॅनेजरचं काम, आणि कॅल्गरीनं तो पूर्णच्या पूर्ण घातला.

पायरी ७: न दिसणाऱ्यांचीही गणती करा

२००३ मध्ये ओएचएलमधून, पश्चिमेकडच्या आणि क्विबेकच्या लीगमधून असे कितीतरी बचावपटू निवडीविना राहिले. वय तेच, गुण तसेच. बहुतेकांचं नाव आज कुणाला ठाऊक नाही. जिओर्डानोला मागे नेऊन वर बसवताना आपण त्या ढिगातून एकटाच गडी उचलतो, आणि स्काउटांना तो ढीग सगळाच्या सगळा दिसत होता. म्हणून 'कसं दिसलं नाही?' असं विचारण्यापूर्वी, त्या मोसमात त्याच्याइतके गुण करणाऱ्या त्याच वयाच्या बचावपटूंची यादी काढा आणि त्यांतले किती जण पुढे एनएचएलमध्ये २०० सामने खेळले ते मोजा. २०० सामने ही सर्वमान्य कसोटी नाही, पण 'पाळी सत्कारणी लागली' म्हणायला बरी आहे. ज्युनिअर लीगचे जुने आकडे इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहेत, एका रविवारचं काम.

निकाल लिहिताना

एकच क्रमांक देऊ नका. माझा जिओर्डानोचा तक्ता असा उभा राहतो: जून २००२ च्या माहितीवर निवड न करणं योग्य. जून २००३ च्या माहितीवर पाचवी-सहावी फेरी. कारकिर्दीच्या मापानं २००२ मध्ये तिसरा, २००३ मध्ये आठवा ते बारावा. निवडणाऱ्या संघाच्या फायद्याच्या मापानं २००२ मध्ये विसावा ते पस्तिसावा, आणि २००३ च्या गर्दीत त्याहून खाली, चाळिशीच्या पुढे. कुणी विचारलंच की यांतला 'खरा' कोणता, तर मी संघाच्या फायद्याचा सांगतो.

हात बसवायला पुढचे दोन खेळाडू घ्या. पहिला डॅन बॉइल: ओहायोतल्या मायामी विद्यापीठाचा, १९९८ मध्ये फ्लोरिडानं मोकळा करारबद्ध केला, जानेवारी २००२ मध्ये पाचव्या फेरीतल्या एका पाळीच्या बदल्यात टॅम्पा बेला गेला आणि २००४ मध्ये स्टॅनले कप जिंकला. त्याच्या बाबतीत सहावी पायरी आधी करा, कारण बाजारानं त्याला दोनदा ओळखलं नाही. दुसरा ब्रायन राफाल्स्की: विस्कॉन्सिन विद्यापीठानंतर स्वीडन आणि फिनलंडमध्ये खेळला, १९९९ मध्ये न्यू जर्सीत आला तोच पंचविशी गाठून, आणि पहिल्याच मोसमाअखेर, २००० मध्ये, कप हातात. त्याच्यासाठी पाचवी पायरी उलटी चालते: ड्राफ्टमध्ये घेतलेल्या संघाचा हक्क तो लायक होईपर्यंत कधीच संपून गेला असता, म्हणून संघाच्या फायद्याच्या रकान्यात त्याच्यापुढे शून्य लिहावं लागेल. तीन स्टॅनले कप जिंकलेल्या माणसापुढे शून्य लिहिताना हात अडखळतो, पण लिहा.